येळवस : नाव, रीत आणि आमच्या बांधावरची सौंदड

प्रथम एक खुलासा करतो. कोळार म्हटले की बाहेरच्या माणसाला सोन्याच्या खाणीचे कोलार आठवते. ते पार दक्षिणेला, बंगळूरच्या पलीकडे. आमचे कोळार बिदर-कलबुरगीच्या सीमाभागातले. इथे सोने नाही. तूर, ज्वारी, हरभरा पिकतो, आणि एकाच घरात मराठी, कन्नड अन् दखनी अशा तीन बोली ऐकू येतात.

मंडळाच्या एका बैठकीत एका विद्यार्थिनीने विचारले, "वेळ अमावस्या म्हणजे कसली वेळ?" मी वयाने मोठा, म्हणून उत्तर माझ्याकडे आले. "पेरणी आणि काढणी यांच्या मधली वेळ," असे मी ठोकून दिले. सगळ्यांनी माना डोलावल्या. घरी येताना मात्र माझे मलाच ते पटेना. आमची आजी कधी 'वेळ' म्हणाली नाही. ती 'येळवस' म्हणायची. हा लेख म्हणजे त्या चुकीच्या उत्तराची दुरुस्ती आहे, आणि शेवटी दुसऱ्या एका चुकीचाही हिशेब त्यात आला आहे.

येळ म्हणजे काय?

आपल्याकडे वेळेला बोलताना 'येळ' म्हणतात. "लई येळ झाला" हे रोजचे बोलणे. त्यामुळे शाळा शिकलेल्या पिढीने 'येळवस' ऐकले आणि समजून घेतले की हा खेडवळ उच्चार असणार, शुद्ध शब्द 'वेळ अमावस्या'. कॅलेंडरात, वर्तमानपत्रात तोच शब्द रूढ झाला. त्याला पुढे 'दर्श' हा शब्दही जोडला गेला. दर्श म्हणजे अमावस्याच. त्याने अर्थात काही भर पडत नाही.

मूळ शब्द कन्नडकडे पाहिले की उलगडतो. कन्नडात या दिवसाला 'एळ्ळ अमावास्ये' म्हणतात. 'एळ्ळु' म्हणजे तीळ. म्हणजे ही तिळाची अमावस्या. पण कन्नडात 'एळु' असाही शब्द आहे, त्याचा अर्थ सात. म्हणून आपल्याकडचे बरेच जाणते लोक सांगतात की येळवस म्हणजे सातवी अमावस्या.

दोन्हींत फरक काय? कन्नड लिपीत ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए यांना वेगळी अक्षरे आहेत. तिळातला ए ऱ्हस्व आणि पुढे जोडाक्षर ळ्ळ. सातातला ए दीर्घ आणि पुढे साधा ळ. मराठी लिपीत ऱ्हस्व ए लिहायची सोयच नाही. कन्नडातले दोन स्पष्ट शब्द मराठीत आल्यावर एकाच 'येळ'मध्ये मिसळून गेले. कन्नड लिहिणारे मात्र आजही तिळाचाच शब्द लिहितात. त्यामुळे नावापुरता कौल तिळाच्या बाजूने द्यावा लागतो. शिवाय या दिवशी आमच्याकडे तिळाच्या पोळ्या होतातच.

सातवी कुठून मोजायची?

तरी सातवीची गोष्ट मला सहज टाकून देववत नाही. चैत्रापासून मोजले तर मार्गशीर्षाची अमावस्या नववी येते. मग सातवी कुठून?

आपल्या भागात शेतकऱ्याचे वर्ष चैत्रात सुरू होत नाही. ते मृगाच्या पावसाने सुरू होते. बैलांचा सणही श्रावणातल्या पोळ्याला नसतो, तो ज्येष्ठी पौर्णिमेला, कारहुणवीला असतो. पेरणीच्या तोंडावर बैलाला आधी मान द्यायचा. त्यानंतर पंधरा दिवसांनी येणाऱ्या ज्येष्ठ अमावस्येला कन्नड घरांत मातीचे बैल करून पुजतात. तिचे नावच 'मण्णेत्तिन अमावास्ये', मातीच्या बैलांची अमावस्या.

आता इथून बोटे मोडा. ज्येष्ठ, आषाढ, श्रावण, भाद्रपद, आश्विन, कार्तिक, मार्गशीर्ष. बरोबर सात. पहिल्या अमावस्येला मातीचा बैल, सातव्या अमावस्येला खुद्द माती. हे मोजमाप कोणी मुद्दाम बसवले असे मी म्हणत नाही. अधिक महिना आला की ते चुकतेही. २०२३ साली अधिक श्रावण होता, म्हणून ११ जानेवारी २०२४ ची येळवस या हिशेबाने आठवी झाली. पण 'सातवी' म्हणणारा शेतकरी अडाणी नव्हता. त्याचे वर्ष वेगळ्या ठिकाणी सुरू होत होते, एवढे यातून कळते.

कोपीतले पांडव

रीत गावागणिक थोडी बदलते. मी आमच्या घरची सांगतो.

आदल्या दिवशी ज्वारीच्या कडब्याच्या पाच पेंढ्या उभ्या करून शेतात कोप बांधायची. कोप शक्यतो झाडाजवळ. आत पाच दगड मांडायचे, त्यांना चुना लावायचा. हे पांडव. शेजारी लक्ष्मी. बायका आदल्या रात्रभर चुलीपुढे. ज्वारीचे पीठ ताकात आंबवून केलेली अंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, तिळाच्या पोळ्या, आणि सगळ्यांत मुख्य भज्जी. ही तळलेली भजी नव्हेत. हरभऱ्याचा पाला, तुरीचे ओले दाणे, वाटाणा, मेथी, चिंच, जे जे त्या आठवड्यात शिवारात हिरवे आहे ते सगळे एका भांड्यात शिजवून बेसन लावलेली ती दाट भाजी. भज्जीत काय काय पडले यावरून त्या वर्षी शेतात काय उभे होते हे सांगता येते. आमच्या आजीच्या भज्जीत आणि आज माझ्या घरी होणाऱ्या भज्जीत चार जिन्नसांचा फरक आहे. ती चार पिके शिवारातूनच गेली.

सकाळी अंबिलीचा माठ डोक्यावर घेऊन सगळे घर शेताला जाते. गावात म्हातारे-कोतारे सोडले तर माणूस राहत नाही. पलीकडे लातूर जिल्ह्यात तर या दिवशी स्थानिक सुट्टी असते आणि शहरातल्या बाजारपेठेत शुकशुकाट होतो.

या पूजेला भटजी लागत नाही. पोथी नाही, मुहूर्त नाही, सोवळे नाही. घरातला कर्ता पुरुष पांडवांना नैवेद्य दाखवतो आणि सगळे जेवतात. जेवताना वाटेने जाणारा कोणीही असो, त्याला हाक मारायची. नाव-गाव विचारायचे नाही. आमच्या शेजारचे शेत मुसलमान कुटुंबाचे आहे. त्यांच्या बांधावरही त्या दिवशी अंबिलीचा माठ असतो आणि दुपारी आमचे वाडगे तिकडे, त्यांचे इकडे होते. आमच्या वडिलांच्या लहानपणापासून हे चालत आले आहे.

चर शिंपणे

जेवणाआधी चर शिंपतात. एकजण पुढे उंड्याचे तुकडे आणि भज्जी पिकात टाकत चालतो, मागून दुसरा पळसाच्या डहाळीने अंबील शिंपडतो, आणि दोघे मिळून एक आरोळी देत शेताला फेरी घालतात. त्या आरोळीचे शब्द प्रत्येक गावी निराळे. मराठी पोरांना त्यांचा अर्थ लागत नाही, कारण तिचा साचा कन्नड आहे. अर्थ न कळता आम्ही ती घसा फोडून ओरडत आलो.

कन्नडात या क्रियेला 'चरग चेल्लुवुदु' म्हणतात, म्हणजे चरग उधळणे. आमचा 'चर' आणि त्यांचा 'चरग' एकच. संस्कृतात यज्ञात अर्पण करायच्या शिजवलेल्या धान्याला 'चरु' म्हणतात. हे तिन्ही शब्द एका घरचे असावेत असे मला वाटते. चरु अग्नीत जातो, आमचा चर मात्र जिथून आला तिथेच, मातीत जातो.

हे याच दिवशी का? रब्बी ज्वारी भाद्रपद-आश्विनात पेरतात. मार्गशीर्ष अमावस्येच्या सुमाराला ती पोटऱ्यात येते, म्हणजे कणीस अजून ताटाच्या पोटात असते. शब्दच पाहा, 'पोटऱ्यात'. आजी सांगायची, "पोटुशी बाई हाय ती. तिला काय आंबटचिंबट लागतंय ते नको द्याया?" म्हणून अंबील आंबट, भज्जीत चिंच. कन्नड शेजारी याला भूमीचे डोहाळजेवण म्हणतात. अशीच रीत कन्नड मुलखात आश्विन पौर्णिमेलाही, 'सीगी हुण्णिमे'ला आहे. रा. चिं. ढेरे यांनी 'लज्जागौरी'त भूमी आणि माता यांच्या एकरूपतेचा जो धागा उलगडला आहे, त्याचे एक जिवंत टोक आपल्या बांधावर दर साल सापडते.

आभार मानण्याची ही तऱ्हा मला विशेष वाटते. सुगीनंतर धान्य घरात आल्यावर आभार मानणे सोपे. येळवसेला धान्य अजून हातात नाही. पुढे कीड पडेल, अवकाळी येईल, काही सांगता येत नाही. तरी आधी जेवू घालायचे. आजी १९७२ च्या दुष्काळाची आठवण काढायची. त्या साली ज्वारी गुडघ्याएवढी होऊन करपली होती. कोपीला कडबा नव्हता, भज्जीला पाला नव्हता. तेव्हा तिने मिलोच्या पिठाची अंबील केली आणि वाळल्या ताटांवर शिंपली. "पिकलं नाही म्हणून मातीवर रुसायचं का?" एवढेच तिचे म्हणणे.

रेघ आणि सण

येळवस कुठे आहे आणि कुठे नाही, याचा नकाशा मनात काढून पाहावा. लातूर, धाराशिव, बिदर, कलबुरगी आणि सोलापूरचा काही भाग. मराठवाड्यात पुढे बीड, जालना, छत्रपती संभाजीनगरकडे गेलो की हा सण असा भरात दिसत नाही. म्हणजे आजच्या राज्यांच्या सीमेशी त्याचा काही संबंध नाही.

सोलापूरकडचा भाग सोडला तर सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली. जुन्या बिदर जिल्ह्याचे तुकडे झाले. अहमदपूर, उदगीर, निलंगा हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले. बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात राहिले. जहीराबाद, नारायणखेडकडचा भाग आंध्रात गेला. १९८२ मध्ये उस्मानाबादमधून लातूर जिल्हा निघाला. नावेही बदलली. गुलबर्ग्याचे कलबुरगी २०१४ मध्ये झाले, उस्मानाबादचे धाराशिव २०२३ मध्ये.

एवढ्या रेघा ओढल्या गेल्या, पण येळवस तशीच राहिली. निलंग्याचा मराठी शेतकरी कन्नड आरोळी देतो आणि भालकीचा शेतकरी मराठीतून पांडवांची गोष्ट सांगतो. शं. बा. जोशींनी मराठी आणि कन्नड संस्कृतीची मुळे एकमेकांत कशी गुंतली आहेत ते 'मऱ्हाटी संस्कृती'त मांडले. त्यावर पुष्कळ वाद झाले. वाद विद्वानांनी करावेत. मला एवढे दिसते की या सणाला ना पोथी होती ना मठ, म्हणून कोणत्याही सरकारला तो आपल्या बाजूला ओढता आला नाही. तो बांधावर राहिला. पण मग बांधच गेला तर?

आमची सौंदड

आमचे पांडव एका झाडाखाली बसत. पुराणातली शमी, आमच्या तोंडची सौंदड, कन्नड शेजाऱ्यांची बन्नी. अज्ञातवासात पांडवांनी शस्त्रे शमीवर लपवली, म्हणून पांडव शमीखाली, असा सरळ हिशेब आजोबा सांगत. दसऱ्याला गाव तिला पुजायचे, येळवसेला आम्ही.

या झाडाचे गुण नंतर वाचनात आले. ती शेंगवर्गातली, म्हणून मुळांवाटे जमिनीला नत्र देते. मूळ सरळ खोल जाते, वरच्या थरातले पिकाचे पाणी फारसे ओढत नाही. पाने बारीक, सावली विरळ, म्हणून खालची ज्वारी मरत नाही. राजस्थानात हिलाच खेजडी म्हणतात. १७३० साली जोधपूरजवळ खेजडली गावात बिश्नोई लोकांनी ही झाडे वाचवताना प्राण दिले; मरणाऱ्यांची संख्या ३६३ सांगतात. झाडाला मिठी मारून उभी राहिलेली अमृतादेवी याच झाडासाठी गेली.

आणि आम्ही काय केले? वडील आणि चुलते यांच्यानंतर माझ्यात आणि चुलतभावांत वाटणी झाली. मोजणीची रेघ नेमकी सौंदडीच्या बुंध्यातून गेली. झाड कोणाचे यावर दोन महिने बोलणे बंद. शेवटी तोडगा असा निघाला की झाड विकायचे आणि पैसे निम्मे निम्मे. कागदावर माझीही सही आहे. २०१९ च्या पावसाळ्याआधी झाड पडले. प्रत्येक वाट्याला आलेले पैसे एका पोत्याच्या खतातही पुरे पडले नाहीत.

त्या वर्षी २६ डिसेंबरला सकाळी सूर्यग्रहण होते, म्हणून आमच्याकडे येळवस आदल्या दिवशी केली. दोन घरांच्या दोन कोपी झाल्या. पांडव कुठे बसवायचे हा प्रश्न उभा राहिला. दोन्हीकडचे पुरुष गप्प. तेव्हा चुलती म्हणाली, "झाड वाटून घेतलासा, आता पांडव बी वाटा की. पाच हायेत. अडीच अडीच घ्या."

कोणी हसले नाही. दगड होते तिथेच, खुंटाशेजारी ठेवले. तेव्हापासून कोपी दोन असल्या तरी पांडव एकच आहेत. दोन्ही घरांचा नैवेद्य तिथे येतो, आणि तिथे आले की बोलावेच लागते. वाटेने जाणाऱ्या परक्याला हाक मारायची रीत आहे; मग चुलतभावाला कशी मारायची नाही?

खुंटाला दर साल फूट येते. सौंदडीची ती जातच आहे, तोडली तरी बुडातून उठते. पहिली दोन वर्षे ती ट्रॅक्टरच्या फाळाखाली गेली. गेली काही वर्षे ट्रॅक्टरवाल्याला आधी सांगून ठेवतो की तेवढे सोडून वळव. आता ती कमरेएवढी आहे. रेघ अजूनही तिच्यातूनच जाते.

विनंती

आपल्या भागात ज्वारीची जागा सोयाबीन आणि तुरीने घेतली आहे. कोपीला कडबा विकत आणावा लागतो, नाहीतर साड्या गुंडाळून कोप होते. वाटण्यांत बांध अरुंद झाले, आणि बांध अरुंद झाला की पहिले झाड जाते. येळवस बंद पडणार नाही, उलट शहरातून गाड्या भरून माणसे येतात. पण ज्याचे आभार मानायचे ते शेतात उरले नाही तर राहील फक्त जेवण.

म्हणून मंडळाच्या वाचकांना एक विनंती. यंदाच्या येळवसेला आपले पांडव कोणत्या झाडाखाली बसतात ते लिहून ठेवा. झाडाचे नाव, तुमच्या तोंडचे आणि शेजाऱ्याच्या तोंडचे. ते कोणी लावले याची घरात काही गोष्ट असेल तर ती. चर शिंपतानाची आरोळी आपल्या गावात कशी देतात ते. आणि भज्जीत काय काय पडले त्याची यादी. चार गावांच्या नोंदी एकत्र आल्या तरी एक चांगले टिपण होईल.

त्या विद्यार्थिनीला नंतर भेटून सांगितले की वेळ वगैरे काही नाही, तीळ असावेत किंवा सात. तिने विचारले, "मग तुम्ही आता काय म्हणता?"

मी येळवस म्हणतो. आजी म्हणायची तेच.